कात्री सुस्थितीत परत मिळाली

मी एक जुनी कात्री आहे, मित्रांनो. दहा इंची, पाऊण किलो वजनाची, काळ्या मुठीची. काही काळ माझ्या गळ्यात एक पुठ्ठ्याची चिठ्ठी होती. तिच्यावर एक आकडा होता आणि त्याखाली लिहिलं होतं, 'गुन्ह्यात वापरलेली वस्तू'. शाळेत तुम्हाला कात्रीवर निबंध लिहायला सांगतात तेव्हा हा भाग कुणी सांगत नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावा.

रीतीप्रमाणे जन्मापासून सुरुवात करते. एका कांबीचे दोन तुकडे करून लोहाराने तापवले आणि ठोकले. ठोकताना तो गाणं म्हणत होता वगैरे काही नाही. त्याची दाढ दुखत होती आणि तो सगळा राग त्याने आमच्यावर काढला. त्यामुळे आम्ही दोन्ही पाती चांगली मजबूत निघालो. मग आम्हाला एका स्क्रूने जोडलं, आणि तेव्हापासून मी 'आम्ही'ची 'मी' झाले.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, पुढे लागेल. शिवणकामाची मोठी कात्री उजव्या हाताची असते. तीच डाव्या हातात धरली की पाती एकमेकींपासून फाकतात आणि कापड कापलं न जाता मध्येच दुमडून बसतं. 'दुसऱ्या हाताने करा की' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी कधी कात्री धरलेली नसते.

मला एका बाईने आपल्या पहिल्या पगारातून विकत घेतलं. ती एका शिवणकामाच्या दुकानात कापड बेतायची आणि कापायची. अशा माणसाला दुकानात मास्तर म्हणतात. ती बाई होती, तरी मास्तरच. दुकानात बारा मशिनी होत्या, पण कापणारी एकटी ती. कापड टेबलावर पसरायचं, खडूने रेघ मारायची, आणि मग मी निघायचे. मास्तर अशी कापायची की रेघेचा अर्धा खडू एका तुकड्यावर नि अर्धा दुसऱ्यावर जायचा. गिऱ्हाईक शिलाईचं कौतुक करून जायचं. कापणाऱ्याचं कौतुक कुणी करत नाही. चूक झाली की मात्र पहिलं नाव त्याचंच.

माझं कौतुक मात्र नेमाने व्हायचं. दर मंगळवारी स्क्रूवर तेलाचा एक थेंब. मग मास्तर मला कानाशी धरून हवेत दोनदा चालवायची. कच, कच. आवाजावरून तिला कळायचं, स्क्रू सैल झालाय की घट्ट. अंगठा घालायच्या कड्याला तिने निळ्या फ्लॅनेलची पट्टी गुंडाळली होती. सत्तावीस वर्षांत ती पट्टी चार वेळा बदलली आणि चारही वेळा तिच्यावर मास्तरच्या अंगठ्याचा खळगा पडला. संध्याकाळी मी फडक्यात गुंडाळून तिच्याबरोबर घरी जायचे.

आता या धंद्यातली रीत. मास्तरची कात्री दुसऱ्याच्या हातात जात नाही. भावाच्या नाही, मालकाच्या नाही, देव आला तरी त्याने स्वतःची आणावी. दुसरा हात लागला की पात्यांची बैठक बिघडते, असं म्हणतात. खरं आहे का, मला माहीत नाही. पण मला कुणी हात लावला नाही, एवढं खरं.

एकदाच लागला होता. मास्तरचा नवरा गेल्यावर घरात दोघीच राहत, मास्तर आणि तिची थोरली नणंद. नणंद घरी बसून काज-बटण करायची आणि तोंडाने जगाची उसवण करायची. एका सकाळी तिने माझ्या टोकाने दुधाची पिशवी उघडली. मास्तर तिच्याशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ती एवढंच, "वन्सं, पुन्हा असं करू नका." नणंद म्हणाली, "बाई गं, कात्री आहे की सवत?" पण पुन्हा हात लावला नाही.

अशी सत्तावीस वर्षं गेली. मग तो मंगळवार आला.

दुपारी दीडचा सुमार. शिलाईवाले जेवायला बाहेर गेले होते. मास्तर टेबलाशी उभ्याउभ्याच दोन घास खायची. एक माणूस आत आला. गिऱ्हाईक असेल असं समजून मास्तरने त्याचे खांदे पाहिले. कापणारा माणूस तोंडाकडे नंतर पाहतो. पुढे पोलिसांनी वर्णन विचारलं तेव्हा ती म्हणाली, "खांदा साडेसतरा, उजवा किंचित उतरता." चेहरा कसा होता, ते काही तिला आठवेना. जमादाराने पेन खाली ठेवलं आणि पंख्याकडे पाहिलं. पण माणूस आठ दिवसांत सापडला तो त्या उतरत्या खांद्यावरूनच.

त्याने गल्ल्याची पेटी उचलली. मास्तर काही बोलली नाही. मग धाक दाखवायला हातात काहीतरी असावं म्हणून त्याने टेबलावरून मला उचललं. आणि मास्तर बोलली.

"ए! कात्री खाली ठेव."

त्याला वाटलं असेल, बाई घाबरली. बाई चिडली होती. ती सरळ पुढे आली आणि तिने मला धरलं. मूठ त्याच्या हातात होती. धरायला पातीच उरली होती. त्याने ओढलं.

तेव्हा मला काय वाटलं असं विचाराल, मित्रांनो, तर काही वाटलं नाही. धारेला समोर काय आहे ते कळत नाही. उजव्या अंगठ्याचं मूळ आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, एवढी माझ्या वाटेत आली. बोटं हलवणाऱ्या ज्या आतल्या दोऱ्या असतात, त्या तुटल्या. काम एका झटक्यात आणि सरळ झालं. सरळ कापण्याबद्दलच आमचं नाव होतं.

पेटीत सुटे पैसे होते, बटणांची एक पुडी होती आणि मालकाचा वजनकाट्यावरचा जुना फोटो होता.

मग मला पोलिसांनी उचललं. मोजलं, मांजरपाटात गुंडाळलं, लाखेचं सील केलं. कापडावर दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. गळ्यात चिठ्ठी बांधली आणि गुन्ह्यातल्या वस्तू ठेवतात त्या खोलीत मला एका फळीवर ठेवलं. माझ्या एका बाजूला कुकरचं झाकण होतं, दुसऱ्या बाजूला डाव्या पायाचा एक बूट. सगळ्यांचं म्हणणं एकच, आम्ही काही केलेलं नाही. बूट तर जन्मठेप झाल्यासारखा गप्प असायचा. त्या खोलीत तेल नव्हतं, मंगळवार नव्हता. पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि ती आधी कापडात, मग माझ्यात उतरली.

त्यापुढचं मी पाहिलेलं नाही. नंतर नणंदेने ते इतक्या जणांना इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालं.

डॉक्टरांनी जखम शिवली. टाके सुकल्यावर म्हणाले, "आता दुसरं ऑपरेशन लागेल. मनगटातली एक दोरी काढून अंगठ्याला जोडायची. पुन्हा कात्री धराल. पण वर्षाच्या आत या. नंतर सांधे ऐकत नाहीत." आणि खर्चाचा कागद दिला. मास्तरने तो कागद चौघडी घालून डब्यात ठेवला. डब्यात दुसरं काही नव्हतं.

अंगठ्याला काही कळेना. डॉक्टर सुई टोचून विचारायचे, "इथे?" मास्तर म्हणायची, "टोचलीत का?" हळूहळू तिचं सगळंच तसं झालं. नणंद विचारायची, वहिनी जेवलीस का? मास्तर थोडा वेळ विचार करायची.

तीन महिन्यांनी मलमपट्टी करणाऱ्या नर्सने सांगितलं, की गुन्ह्यात इजा झालेल्यांना सरकार मदत देतं. त्यासाठी एक कार्यालय आहे. दोघी गेल्या. कार्यालयात सहा खिडक्या होत्या, त्यांतली पाच नंबरची उघडी होती. आत गळ्याला स्कार्फ गुंडाळलेली एक बाई बसली होती. दोघींनी तिचं नाव कधी विचारलं नाही. ती पाच नंबर बाईच राहिली.

तातडीच्या मदतीचा फॉर्म वेगळा होता. तो संपला होता. साध्या मदतीचा फॉर्म आठ पानी होता. त्यावर पहिलीच सूचना: 'अर्ज अर्जदाराने स्वतःच्या हस्ताक्षरात भरावा.' मास्तरने तो डाव्या हाताने चार दिवसांत भरला. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं आलं. 'इजेचे स्वरूप' या रकान्यापेक्षा ते अक्षरच जास्त सांगत होतं, पण अक्षर वाचायचा रकाना नव्हता.

"व्यवसाय?" पाच नंबर बाईने विचारलं.

"कापड कापते. मास्तर आहे."

"पुरावा?"

"माझ्या हातचे सदरे अर्ध्या गावाच्या अंगावर आहेत."

"ते अर्जाला जोडता येत नाहीत."

"का?" नणंद मधे पडली. "माणसासकट जोडू की. फाइल जरा जाड होईल, एवढंच."

पाच नंबर बाई हसली नाही, पण तिने स्कार्फ नीट केला. "मालकाचं पत्र आणा," ती म्हणाली.

मालक भला माणूस. त्याने दोघींना बसवलं, चहा मागवला. पत्राचं ऐकल्यावर म्हणाला, "अहो मास्तर, तुम्ही काय परक्या का? घरच्यासारख्याच तुम्ही." घरच्यासारखी असल्यामुळे सत्तावीस वर्षांत तिचं नाव हजेरीपटावर चढलं नव्हतं. "आता पत्र दिलं तर मलाच विचारतील, नाव का लावलं नाही म्हणून. माझीही बाजू समजून घ्या." मास्तरने समजून घेतली. नणंदेने चहा तसाच ठेवला, आणि नणंद चहा टाकते म्हणजे फार झालं.

पुन्हा पाच नंबर. बाईने सगळं ऐकलं, थोडा वेळ टेबलावर बोट वाजवलं.

"कात्री कुठे आहे तुमची?"

"पोलिसांकडे. सीलबंद."

"कड्याला काही गुंडाळलेलं होतं?"

"निळं फ्लॅनेल."

"माझी आई शिवायची," पाच नंबर बाई म्हणाली. "तिच्या कात्रीवर अंगठ्याचा खड्डा पडला होता, साबणावर पडतो तसा. तुमचीवर पडलाय? मग पुरावा तोच. समितीसमोर कात्रीच मागवू."

कल्पना चांगली होती. म्हणूनच तिला पाच महिने लागले. कार्यालयाने पोलिसांना पत्र लिहिलं. पोलीस म्हणाले, वस्तू कोर्टाची. कोर्ट म्हणालं, अर्ज कुठे? अर्ज गेला तेव्हा कोर्टाला सुट्टी लागली होती. चोराला मात्र पकडल्याच्या दुसऱ्याच दिवशी वकील मिळाला होता. तो त्याचा हक्कच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी फक्त दिवस मोजत होते. फळीवर दुसरं काही मोजायला नव्हतं.

घटनेला अकरा महिने आणि चार दिवस झाले तेव्हा मला खोलीबाहेर काढलं. डॉक्टरांच्या वर्षातले सव्वीस दिवस उरले होते.

समितीची खोली गार होती. भिंतीवरचं यंत्र बादलीत थेंब थेंब गळत होतं. काचेच्या मोठ्या टेबलामागे तिघे बसले होते. मधे अध्यक्ष, ते पूर्वी न्यायाधीश होते आणि त्या दिवशी त्यांना सर्दी होती. एका बाजूला समितीच्या डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला हिशेब पाहणारे अधिकारी. कोपऱ्यात एक लेखनिक, बोललेलं लिहून घ्यायला. पाच नंबर बाई फाइल घेऊन दाराशी उभी होती. समोर दोन खुर्च्या. अकरा महिन्यांनी मी मास्तरला पाहिलं असतं, पण मी कापडात होते.

अध्यक्ष मऊ आवाजात बोलत होते. "बाई, नियमात असं आहे, की स्वतःच्या वागण्यामुळे इजा वाढली असेल तर मदत कमी होते. तो पेटी घेऊन जातच होता. मग तुम्ही पातं धरायला का गेलात?"

"पेटी मालकाची होती," मास्तर म्हणाली. "कात्री माझी."

अध्यक्षांनी नाक पुसलं.

मग हवालदाराने सील फोडलं आणि मला काचेवर ठेवलं. पाती तांबडी झाली होती. फ्लॅनेलवर बुरशीचे ठिपके होते. खळगा मात्र तसाच होता. डॉक्टरीणबाईंनी वाकून पाहिला, मास्तरचा अंगठा पाहिला आणि मान हलवली. पुरावा पटला. कागदावर तसं लिहिलंही गेलं. मित्रांनो, गोष्ट तिथे संपली असती तर मी आज तुम्हाला काटकसर नाहीतर स्वच्छता, असा काहीतरी साधा धडा सांगून मोकळी झाले असते.

पण मास्तरने गंज पाहिला.

इतके महिने ज्या बाईला जेवले की नाही ते आठवत नव्हतं, तिच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. तिने कुणाला विचारलं नाही. डाव्या हाताने मला उचललं, बाहीने पुसलं. उजव्या हाताची धड असलेली शेवटची दोन बोटं खालच्या कड्यात घातली, वरच्या कड्यात अंगठा डाव्या हाताने ढकलून बसवला. मला कानाशी नेलं. डाव्या हाताने वरचं कडं उचललं आणि सोडलं.

कच.

पुन्हा उचललं, सोडलं. कच.

"स्क्रू सैल झालाय," मास्तर म्हणाली. "अर्धा फेर आवळायला हवा."

बादलीत थेंब पडला. हिशेबवाले अधिकारी पुढे वाकले. "म्हणजे चालवता येते की तुम्हाला."

आणि लेखनिकाने लिहिलं: 'अर्जदार कात्री हाताळते व चालवून दाखवते.'

खरं काय झालं होतं, ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. अंगठ्याने काही केलंच नव्हतं. अकरा महिने कुणी स्क्रू आवळला नव्हता, म्हणून वरचं कडं आपल्याच वजनाने खाली आलं आणि मी मिटले. तिचा हात कापला तेव्हा मी नुसती वस्तू होते, तो दोष मी मानत नाही. पण इथे मी साक्ष दिली आणि ती खोटी निघाली. ती मात्र माझीच.

नणंद उठली.

"अहो साहेब, हवा कापली तिनं. हवा काय, कुणीही कापतं. इथं तर दिवसभर तेच चाललेलं दिसतंय. कापड द्या तिला, कापड."

"बसा, बाई," अध्यक्ष म्हणाले.

"बसते. पण कापड द्या."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे. कापड पाहिजे."

शोधाशोध सुरू झाली. माझं मांजरपाट होतं, पण हवालदार म्हणाला, त्याच्यावर सह्या आहेत, त्याला धक्का लागला तर माझी नोकरी जाईल. अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. पडदे प्लास्टिकचे होते. एवढ्या मोठ्या त्या कार्यालयात वीतभर रिकामं कापड निघेना.

शेवटी दाराशी उभ्या असलेल्या पाच नंबर बाईने गळ्याचा स्कार्फ काढून टेबलावर ठेवला.

मास्तरने तो दोन बोटांत धरून चुरून पाहिला. आणि खाली ठेवला.

"चांगलं कापड आहे. मी नाही कापणार. वाकडं जाईल."

"वाकडं गेलं तर चालेल," अध्यक्ष म्हणाले.

"मला नाही चालणार."

"वहिनी!" नणंद दातांतून म्हणाली. "घर चालवायचंय आपल्याला, दुकान नाही. काप."

"वन्सं, तुम्ही गप्प बसा."

पाच नंबर बाई पुढे आली. "याची कड उसवलीय," ती म्हणाली. "टाकूनच देणार होते." कड उसवलेली नव्हती. मास्तरला ते दिसत होतं, आपल्याला दिसतंय हे पाच नंबर बाईला कळलंय हेही दिसत होतं. मग मात्र तिने कापड सरळ पसरलं.

दोन बोटं कापड मी कापलं, म्हणजे कापल्यासारखं केलं. मग पाती फाकली, कापड मध्ये दुमडलं आणि मी ते चावायला लागले. मास्तर रेघेकडे बघत होती. रेघ नव्हतीच, पण ती बघत होती. तिचा अंगठा कड्यातून निसटून बाहेर लोंबत होता, आणि मी धाडकन काचेवर पडले. काचेला कोपऱ्यापर्यंत तडा गेला.

"अंगठा बाहेर आला होता, कळलं तुम्हाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाली. "आवाज आला तेव्हा कळलं."

डॉक्टरीणबाईंनी लिहायला सांगितलं: 'अर्जदाराच्या अंगठ्यास संवेदना नाही. कात्री चालवता येत नाही. ऑपरेशनची पूर्ण रक्कम द्यावी.' तिघांनी सह्या केल्या. पंधरा दिवसांत पैसे येतील, असं अध्यक्ष म्हणाले. पंधरा म्हणजे सव्वीसच्या आत. जिना उतरताना नणंदेने मास्तरचा हात धरला, डावा. मास्तरने धरू दिला.

मला परत गुंडाळलं. फळीवर कुकरचं झाकण नव्हतं, सुटलं होतं बहुतेक.

आता त्या कार्यालयाची एक पद्धत सांगते. तिथे नोंदलेलं खोडता येत नाही. खाली दुसरी ओळ लिहिता येते, पण वरची राहते. त्यामुळे एकाच पानावर दोन ओळी होत्या. वर लिहिलं होतं, कात्री चालवून दाखवते. खाली लिहिलं होतं, कात्री चालवता येत नाही. फाइल पैसे सोडणाऱ्या विभागात गेली तेव्हा तिथल्या दक्ष माणसाने समासात लिहिलं: 'नक्की काय, याबाबत स्पष्ट अभिप्राय द्यावा.' माणूस चुकला म्हणवत नाही. दोन ओळी समोर असतील तर कुणीही विचारेल. अभिप्राय समितीने द्यायचा. समिती महिन्यातून एकदा बसायची, आणि त्या महिन्यात अध्यक्षांची सर्दी छातीत उतरली. पाच नंबर बाई फाइल हातात घेऊन तीनदा त्यांच्या घरी गेली, असं नणंद सांगते. तिसऱ्यांदा अध्यक्षांनी अंथरुणात सही केली.

पैसे चौदाव्या महिन्यात आले. पूर्ण आले. त्यात कुणी हात मारला नाही, हे सांगायलाच हवं.

ऑपरेशन झालं. पट्टी सोडल्यावर डॉक्टरांनी अंगठा हलवायला सांगितला. तो निम्मा आला आणि थांबला. "दोन महिने आधी आल्या असतात तर," एवढं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी हात धुण्यात घालवलं. मास्तर आता सुई धरते, खडू धरते, चमचा धरते. मला धरत नाही.

चोराचा खटला संपला. शिक्षा किती झाली ते नणंदेला दिवसांसकट पाठ आहे. मास्तरने विचारलं नाही. खटला संपला म्हणून मलाही सोडलं. पोलीस ठाण्यात एका वहीत सही करायची होती. तिथे आधीच छापलेलं होतं: 'वस्तू सुस्थितीत परत मिळाली.' मास्तरने माझा गंज पाहिला, सैल स्क्रू पाहिला. मग आपल्या हाताकडे पाहिलं. आणि डाव्या हाताने सही केली. आता तिची सही बरी येते.

घरी आल्यावर तिने मला फडक्यावर ठेवलं. रॉकेलने गंज उतरवला, तो चार दिवस उतरत होता. स्क्रू अर्धा फेर आवळला. तेलाचा थेंब सोडला. पाचव्या दिवशी तिने टेबलावर एक जुनी चादर पसरली, तिच्यावर खडूने रेघ मारली. थरथरती होती, पण कुठे जायचंय ते रेघेला माहीत होतं. मग हाक मारली.

"वन्सं, इकडे या. ही धरा."

नणंद दारातच थबकली. "मी? नको गं बाई. दुधाची पिशवी आठवते मला."

"धरा म्हणते ना."

नणंदेने मला उचललं. तिचा अंगठा जाड, मास्तरच्या खळग्यात बसेना. मास्तरने मला परत घेतलं. निळी पट्टी दातांनी सोडवली आणि बाजूला ठेवली. मग डब्यातून एक चावलेला स्कार्फ काढला. पाच नंबर बाईने तो परत घेतला नव्हता. त्याची पट्टी फाडून तिने ती कड्याला गुंडाळली, नणंदेच्या अंगठ्याच्या मापाने. माप तिने नुसतं बघून घेतलं.

"रेघेवरून चला. अर्धा खडू इकडे, अर्धा तिकडे."

"अगं, रेघच हलतेय तुझी."

"रेघ हलत नाहीये. तुमचा हात हलतोय. कोपर उचला."

चादर वाकडी गेली, मित्रांनो. फार वाकडी गेली. मास्तरने त्या कडेकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "पुन्हा."

असं आमचं चाललंय. सात महिने झाले. नणंद आता उशांचे अभ्रे सरळ कापते, सदऱ्याला मास्तर अजून हात लावू देत नाही तिला. अंगठ्याचा खळगा पडायला लागलाय. दर मंगळवारी मास्तर मला कानाशी धरते.

शेवटी काही मागायची पद्धत आहे, म्हणून मागते. घरात कात्री असेल तर तिला तेल घाला, आणि गंजाच्या आधी घाला. गंजानंतर घातलं तरी कात्री चालते, पण आवाज बदलतो. आणि तुमच्यातलं कुणी मोठेपणी काचेच्या टेबलामागे बसलं, समोर कुणी बाई बसली आणि तुम्हाला 'कच' असा आवाज ऐकू आला, तर लगेच लिहू नका. आधी कापड मागा.